खुंटी, कोनाडा, फडताळ : घरच्या कामाच्या खोलीविषयी

घरात हाताने काम करणाऱ्या बाईला त्या कामापुरती स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. शिवण पलंगावर, क्रोशाचे काम टीव्हीसमोर, वाकळ अंगणात, आणि भाचीच्या लग्नातल्या रुखवताचे सामान पलंगाखाली प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. मग मण्यांची डबी हवी तेव्हा सापडत नाही आणि अर्धी दुपार शोधाशोधीत जाते. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, घाटंजी, कुठल्याही गावात चार घरे फिरून या, चित्र हेच दिसेल. आणि यातल्याच एखाद्या घराच्या माडीवर किंवा शेतावरच्या कोठ्यात एक सागवानी संदूक पडलेली असते, दोन पितळी गुंड असतात, दांडा तुटलेला कंदील असतो, आणि सासूबाईंची शिलाई मशीन पोत्याखाली झाकलेली असते. एकीकडे जागेवाचून अडलेले काम, दुसरीकडे कामावाचून पडलेल्या वस्तू. या दोघांची गाठ कशी घालायची, ते या पुस्तकात सांगितले आहे.

पुस्तक यवतमाळ जिल्हा समोर ठेवून लिहिले आहे, आणि त्याला कारण आहे. हा सागाचा आणि कापसाचा मुलूख. इथले लाकूड ‘सी.पी. टीक’ (मध्य प्रांताचा साग) या नावाने व्यापारात दूरवर ओळखले गेले, आणि इथला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत गेला. त्या व्यापाराच्या पैशातून गावोगावी वाडे उभे राहिले आणि त्यांत सागाची कपाटे, पेट्या, बंगया (झोपाळे), चौरंग आले. आता ते वाडे पडताहेत, वाटण्या होताहेत, स्लॅबची घरे येताहेत. वाडा पाडताना दारे आणि तुळया निदान लाकडाच्या भावाने विकल्या जातात. लहान वस्तू मात्र भंगाराच्या गाडीवर चढतात, आणि पितळ मोडीत जाते. शंभर वर्षे हाताळून गुळगुळीत झालेले माप किलोच्या भावाने वितळायला जाताना पाहणे मला सहन होत नाही. म्हणून हे पुस्तक सजावटीचे करायचे नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले. जुनी वस्तू वाचते ती ती कोणाच्या तरी रोजच्या हाताखाली राहिली म्हणून. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधले गेले आणि १९९४ पर्यंत धावले. सत्तर वर्षे त्याला तेलपाणी मिळत राहिले, कारण त्याच्यावाचून गाडी निघत नव्हती.

कामाची खोली लावायची म्हटले की आज आपण मासिकातले फोटो पाहतो : एका रंगाचे खोके, काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या जुन्या घरांत वस्तू ठेवण्याची एक पक्की रीत होती, ती आधी समजून घ्यावी असे मला वाटते. रोज लागणारी वस्तू खुंटीवर. दिवसातून अनेकदा लागणारी पण लहान वस्तू कोनाड्यात, हात पोचेल अशा उंचीवर. उंदीर-मांजरापासून जपायचे ते शिंक्यावर. धुळीपासून जपायचे ते दाराच्या फडताळात. वर्षातून दोनदा लागणारे संदुकीत, आणि बी-बियाणे, डाळी यांची उतरंड कोपऱ्यात. उतरंडीत मोठे मडके तळाशी आणि लहान वर. तळाचे काढायचे तर सगळी उतरवावी लागते, म्हणून तळाशी काय ठेवायचे हे घरची बाई विचार करून ठरवत असे. ही सगळी मांडणी हात किती वेळा कुठे जातो यावर बेतलेली होती. कामाच्या खोलीला याहून चांगला नियम मला सापडलेला नाही. कात्री, टेप, गज आणि खडू खुंटीवर. दोऱ्याची रिळे कोनाड्यात. लोकर शिंक्यावर, कारण तिला हवा लागते आणि ती खाली ठेवली की कसर लागते. चालू कामाचे कापड फडताळात. ‘कधीतरी करू’ म्हणून जमवलेले सगळे संदुकीत, आणि वर्षातून एकदा ती संदूक उघडून निर्दयपणे अर्धे बाहेर.

अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या घरांत भिंतीभर एका ओळीत खुंट्या असत आणि काम संपले की झाडू, टोप्या, एवढेच काय खुर्च्यासुद्धा त्यांवर टांगत, म्हणजे जमीन झाडायला मोकळी. त्या खुंट्यांची छायाचित्रे आज जगभरच्या घरसजावटीच्या पुस्तकांत छापली जातात. आपल्या ओसरीतल्या खुंट्यांची छायाचित्रे कोणी काढली नाहीत, आणि नवे घर बांधताना आपण त्या लावल्याही नाहीत. पाडलेल्या वाड्यातून काही आणायचेच असेल तर खुंट्या आणा. सागाच्या दहा खुंट्या एका फळीवर बसवून द्यायला सुताराला अर्धा दिवस पुरतो, आणि खोलीचा निम्मा पसारा तिथेच मिटतो.

धान्याच्या जुन्या मापांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ती आमच्या भागात अजून मिळतात आणि त्यांचा उपयोग कोणाला सुचत नाही. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. गावोगावी मापात थोडाफार फरक होता, पण हिशेब दुपटीचा. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत ही मापे बाजारातून उठली. घराघरांत धान्य मोजायला ती बराच काळ वापरात राहिली, आता तो वापरही राहिला नाही. मणी, टिकल्या, बटणे, कवड्या आणि आरसे ठेवायला या मापांच्या संचासारखे दुसरे काही नाही. तोंड रुंद असल्यामुळे बोटे आत जातात, पत्रा जाड असल्यामुळे डगमगत नाहीत, आणि काम संपले की एकात एक बसतात. फक्त एक करा : त्यांना चिंच लावून लखलखीत करू नका. माती आणि तेलकटपणा कोमट पाण्याने जाऊ द्या, लगेच कोरडे पुसा, आणि वरची काळसर झळाळी तशीच राहू द्या. ती यायला तीन पिढ्या लागल्या आहेत. कोणी कल्हई करून घ्यायचे सुचवील, पण त्यात अन्न ठेवणार नसाल तर तिची गरज नाही.

या पुस्तकातले सगळ्यात मोठे प्रकरण शिलाई मशीनवर आहे, आणि ते तसेच असायला हवे होते. घरच्या कामाच्या खोलीत जुनी म्हणून येणारी आणि उद्यापासून पूर्ण ताकदीने काम करू शकणारी वस्तू ही एकच. हातमशीन असो की पायाची, काळ्या रंगावर सोनेरी नक्षीची सिंगर अनेक घरांत निघते. तिच्या पाटीवर उजव्या बाजूला ठोकलेला अनुक्रमांक पाहा. १९०० नंतरच्या मशीनवर आकड्याआधी रोमन अक्षरे असतात, आणि त्यांवरून कारखाना आणि साल दोन्ही कळते. एफ, जे किंवा वाय या अक्षराने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या मशीन अजून चालतात. भारतात १९३०च्या दशकात उषा मशीन आली, आणि तिचे जुने नमुनेही तितकेच टिकाऊ आहेत.

गांधीजींचा यंत्रांना असलेला विरोध सगळ्यांना माहीत आहे. पण १९२४ मध्ये त्यांनीच सिंगरच्या शिलाई मशीनला त्यातून वगळले होते. शिवणकामाने थकणाऱ्या बायकोची दया येऊन सिंगरने हे यंत्र केले, त्यामागे माया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या कहाणीचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पाहावा. मशीन चालवणाऱ्या बाईला मात्र त्यांचा निवाडा पटतो.

अशी मशीन मिळाली तर तिला आधी काही करू नका. पट्टा काढा, चाक हाताने हळूच आपल्याकडे फिरवा. जाम असेल तर ते बहुधा सुकलेल्या तेलामुळे असते, कारण कोणीतरी कधीतरी मशीन तेलाऐवजी खोबरेल घातलेले असते आणि ते आत गोंदासारखे बसते. सांध्यांवर थेंब थेंब रॉकेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी फिरवून पाहा, आणि मोकळी झाली की चांगले मशीन तेल घाला. रॉकेल किंवा स्पिरिट सोनेरी नक्षीवर लागू देऊ नका. तिच्यावर लाखेचा पातळ थर असतो, तो गेला की नक्षी गेली. शटल होडीच्या आकाराचे लांब असेल तर त्याची बारीक लांबट रिळे शाबूत आहेत का ते घेण्याआधीच पाहा. गोल बॉबिनची मशीन असेल तर काळजी नाही. विसाव्या शतकातल्या बहुतेक घरगुती सिंगर मशीनना आज दुकानात मिळणारी साधी सुई चालते. माझे एक ठाम मत इथे नोंदवते : चालू शकणाऱ्या मशीनचे बिडाचे पाय काढून त्यांवर काच किंवा ग्रॅनाइट टाकून टेबल करू नये. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत अशी टेबले पाहते तेव्हा त्यांवरची बिनकामाची झालेली मशीन कुठे गेली असेल, हाच प्रश्न मनात येतो.

मशीननंतर पेटी चरखा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यामुळे आपल्या जिल्ह्यातही तो अनेक घरांत होता. १९३०च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी याला आकार दिला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. मिटला की हातात धरून नेता येणारी पेटी, उघडला की दोन चाके, माळ आणि चाती. आता तो दागिन्यांचा डबा किंवा शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. तुमच्याकडे असेल तर माळ नवी घाला, चाती सरळ आहे का पाहा, आणि पेळू आणून सूत काढा. कापसाच्या जिल्ह्यात राहून आपण कापसाचा एक धागाही हाताने काढलेला नसतो, ही गोष्ट मला फार खुपते. वर्ध्याचे मगन संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी हे पुस्तक वाचण्याआधी ते पाहून यावे. मगनलाल गांधींच्या नावाचे हे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले, आणि ग्रामोद्योगांची अवजारे लोकांनी पाहावी, समजून घ्यावी, वापरावी हा त्यामागचा हेतू होता. हत्यारे कशी मांडावी म्हणजे ती हातात घ्यावीशी वाटतात, हे तिथे शिकता येते.

टेबलाविषयी बायका हटकून विचारतात : उंच टेबल घ्यायचे की नाही? मशीनसाठी आणि कापड बेतण्यासाठी हवेच. बाकी भरतकाम, क्रोशा, मणीकाम, वाकळ हे सगळे आमच्याकडे जमिनीवर बसून होत आले आहे आणि पाठीला त्याची सवय असेल तर ते बदलू नये. जिनिंगमध्ये आणि जुन्या अडतीच्या दुकानांत मुनीमजींपुढे एक उतरत्या झाकणाची ठेंगणी पेटी असे. गादीवर बसून तिच्यावर खतावणी लिहायची आणि आत शाई, टाक, पावत्या. ती पेटी मिळाली तर सोडू नका. झाकणावर कापडाची चौकट टेकते, आत दोरे आणि सुया राहतात, मांडी घालून बसलेल्या माणसाला उंची नेमकी बसते. बैठक पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांना उजेड डावीकडून.

आता जे करू नये त्याविषयी, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी या भागांत बंजारा तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेणारा हा समाज. रस्ते आणि रेल्वे आल्यावर त्यांची लदेणी संपली आणि तांडे स्थिरावले. त्यांच्या काचळीवर (चोळीवर), फेटियावर (घागऱ्यावर), थैल्यांवर आरसे, कवड्या, जुनी नाणी आणि लोकरीचे गोंडे यांचे जे काम आहे, ते एकेका बाईने आईकडून शिकत, वर्षानुवर्षे सुईने भरलेले आहे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्याकडच्या या कामाची किंमत आपण जुन्या कपड्याची लावतो. जुनी काचळी कापून तिचे तुकडे पर्सवर, उशीवर, डायरीच्या पुठ्ठ्यावर चिकटवण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही, आणि या पुस्तकात तिची एकही कृती दिलेली नाही. जुने काम पूर्ण ठेवा, सपाट पसरून किंवा गुंडाळून, धुतलेल्या मांजरपाटात. वर्तमानपत्रात नाही, कारण त्या कागदातल्या आम्लाने कापड पिवळे पडते. आणि नवे हवे असेल तर तांड्यावरच्या बाईला योग्य पैसे देऊन नवे भरून घ्या. ती कला तुमच्या कपाटातल्या तुकड्याने जगणार नाही, तिला काम मिळाले तर जगेल.

तीच गोष्ट जुन्या कागदांची. चिकटकामासाठी मोडीतली कागदपत्रे, खतावणीची पाने, एवढेच काय पोथ्यांची पाने फाडली जातात. विदर्भात महानुभाव पंथाच्या हस्तलिखित पोथ्या घराघरांत जपल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक सांकेतिक लिपीत आहेत. न वाचता येणारे पान म्हणजे निरुपयोगी पान नव्हे. त्याची छायाप्रत काढा आणि प्रत वापरा. मूळ पान जाणकाराला दाखवा. कायदाही इथे लागू होतो. १९७२ चा पुरावस्तू आणि कला-खजिना कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार निदान शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात, त्या खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि जुन्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. मूर्ती, वीरगळाचा तुकडा, देवळाचे कोरीव लाकूड असे काही कोणी विकायला आणले तर घेऊ नका. ते कुठून आले हे तो सांगणार नाही, आणि ते जिथले आहे तिथेच असायला हवे.

संग्रह करण्याची ओढ मला समजते. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली : दिवे, अडकित्ते, वज्र्या, करंडे, म्हणजे जे इतरांना मोडीत घालायचे वाटत होते ते. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि पुढे तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. केळकर गावोगाव हिंडले म्हणून आपल्याला कळते की एका अडकित्त्यावर किती तऱ्हांनी घोडे आणि मोर घडवता येतात. पण संग्रहालय आणि कामाची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाच्या खोलीत दहा अडकित्ते लागत नाहीत. एक लागतो, तोही सुतळी कापायला. जी वस्तू वर्षभरात एकदाही हातात घेतली नाही ती घरातल्या दुसऱ्या कोणाला द्या.

आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड ठेवा : कोणाकडून आली, कोणत्या गावची, कशासाठी वापरत, कोणत्या साली मिळाली. संदुकीच्या झाकणाच्या आत ते चिकटवू नका, कापडी पिशवीत घालून खिळ्याला अडकवा. वस्तूचे मोल त्या चार ओळींनी दुप्पट होते, आणि त्या ओळी सांगणारे माणूस फार दिवस राहत नाही.

आपल्या हवेचा विचार केल्याशिवाय यातले काहीच टिकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो. तेव्हा सागसुद्धा आकसतो, सांधे सैल होतात, बाटलीतला गोंद घट्ट होतो. जुलैत तेच लाकूड फुगते आणि खण बाहेर येत नाहीत. ओढाताण करू नका, खणाच्या कडेला मेणबत्ती घासा. जुनी पेटी जमिनीवर थेट ठेवू नका, चार विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे वाळवी आली तरी दिसते. भोकांखाली ताजे पिवळसर पीठ पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. कीड मारून, साफ करून झाल्याशिवाय ती वस्तू खोलीत आणू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. आणि सुताराला रंधा मारू देऊ नका. तो चांगल्या मनाने मारील, पण मग ती पेटी जुनी राहणार नाही.

एक शेवटची वस्तू, जी खास आपली आहे : तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले हे चाकांचे बैल सजवून घरोघरी नेतात, आणि विदर्भाबाहेर हा सण फारसा कोणाला माहीत नाही. आजोबांचा बैल नातवाकडे येतो, दरवर्षी त्याच्यावर नवा रंग चढतो, शिंगांना नवे गोंडे. हा बैल कामाच्या खोलीतल्या फळीवर फार सुंदर दिसतो, ठेवा. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाली काढून पोराच्या हातात द्या, आणि त्याची झूल, मठाटी, गोंडे त्या खोलीतच पोराबरोबर बसून करा.

पुस्तकातली प्रकरणे कशाही क्रमाने वाचली तरी चालतील, पण बाजारात जाण्याआधी पहिले प्रकरण वाचा. त्यात आपल्याच घरची माडी, कोठा, मोरी आणि शेतावरचे खोपट कसे पाहावे ते सांगितले आहे. घरात वडीलधारी बाई असेल तर तिला बरोबर घेऊन जा आणि प्रत्येक वस्तू तिला विचारून काढा. कोणती वस्तू कशासाठी होती हे तिला माहीत असते, आणि कोणती काढायची नाही हेही ती सांगेल.

यवतमाळ आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ज्या बायकांनी आपल्या खोल्या, पेट्या आणि मशीन मोकळ्या मनाने पाहू दिल्या, त्यांच्यामुळे हे पुस्तक लिहून झाले. त्यांच्याकडच्या वस्तू विकत मागायला कोणी जाऊ नये, एवढी विनंती आहे.